बाहेरचं नाक

युसुफचाचा, तुम्हाला मातीत ठेवून पंधरा-सोळा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी नीट बसून रडलेसुद्धा नाही, कारण सवड नाही. टाकी आंबली आहे, वास थांबवा नाहीतर प्रकल्प बंद करा, अशी कॉलनीवाल्यांनी एका महिन्याची मुदत दिली आहे, मिळेल तिथून शेण आणि चुना गोळा करणं चाललंय, आणि घरी गेलं की सासूबाई दारातूनच म्हणतात, आधी आंघोळ, मग बोल. तुम्ही असतात तर हसला असतात. 'ताई, इतली घाई कसानी शे? मी कोठे पळी जाई ऱ्हायनू?' खरंच, आता तुम्ही कुठेच जाणार नाही. म्हणूनच इतके दिवस लिहायचं टाळलं. जाणाऱ्या माणसाशी घाईघाईत खोटं बोलता येतं, तुमच्याशी आता तेही जमायचं नाही.

परवा मुदतीची आठवण करून द्यायला आलेल्या एका नव्या भाडेकरूने मला विचारलं, ते चाचा प्रकल्पावर नेमके कोण होते हो? पगारावर तुम्ही नव्हतात. बचत गटाच्या समितीवर नव्हतात. लोणखेडा रस्त्याला धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या आणि कूलर बनवणारे कारागीर, आणि घर आमच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर, एवढीच तुमची ओळख. मी म्हटलं, ते आमचं नाक होते. त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय.

थट्टाच केली होती तुमची मी, पहिल्या सभेत. आठवतंय का? गावातला ओला कचरा टाकीत कुजवून त्याचा गॅस करायचा, गॅसवर जनरेटर चालवून कॉलनीचे दिवे आणि पाण्याची मोटर चालवायची, आणि हे सगळं आम्ही बचत गटाच्या बायकांनी करायचं, असं ठरलं तेव्हा कॉलनीचे सगळे लोक शाळेच्या पटांगणात जमले होते. वीज सगळ्यांना हवी होती, टाकी कुणालाच दारात नको होती. मी उठून ठासून सांगितलं की वास अजिबात येणार नाही. मागून तुम्ही उभे राहिलात, हातात पत्रा कापायची कात्री तशीच.

"ताई, वास कोनं आयकत नही. तो भिंत देखत नही, जात देखत नही, सिधा घरमा घुसस."

लोक हसले. मी फणकाऱ्याने म्हटलं, "मग चाचा, तुम्हीच या रोज हुंगायला." आणि माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्हाला त्या दिवसापासून माहीत झालं. तुम्ही मात्र ते बोलणं मनावर घेतलंत. म्हणालात, येसू, म्हणजे येईन.

आम्हाला शिकवायला आलेल्या सरांनी ते ऐकलं आणि त्यांना ते एकदम पटलं. त्यांनी आम्हाला आधीच बजावलं होतं की आत काम करणाऱ्या माणसाच्या नाकावर कधी विसंबू नका. अर्ध्या तासात नाक त्या वासाला सरावतं, मग समोर मेलेलं जनावर असलं तरी कळत नाही. वास पकडायचा तर रोज सकाळी बाहेरून ताजं नाक आणा. तेव्हापासून नियम झाला. सकाळी आठला, बायका फाटकात शिरायच्या आधी, तुम्ही भिंतीला बाहेरून एक फेरी मारायची, मग आत येऊन सांगायचं आणि मी ते वहीत लिहायचं. कॉलनीची अटच ती होती. आमच्यातला माणूस सांगेल तेच खरं.

वासांना नावं तुम्हीच दिलीत. शेणाचा, खट्टा आणि अंड्याचा. शेणाचा म्हणजे टाकी तब्येतीने आहे, काळजी नको. खट्टा म्हणजे टाकीचं पोट बिघडलंय. अंड्याचा म्हणजे गॅसच्या नळीतला लोखंडाचा कीस संपलाय, तो बदला. तो कीसही तुम्हीच आणायचात, ओळखीच्या लेथवाल्याकडून, पोत्यात भरून, पाणी मारून गंजवून. सरांच्या कागदावर याला भलीमोठी नावं होती. आमच्या बायकांना तुमचीच पाठ झाली.

आणि ती पेटी! कचरा निवडायच्या शेडमधली घाण हवा बाहेर सोडायच्या आधी गाळायची, त्यासाठी तयार यंत्र कुठून आणायचं याची आम्ही काळजी करत बसलो होतो. तुम्ही सरांचं चित्र उलटंपालटं करून पाहिलंत आणि म्हणालात, हा तर कूलरच आहे, फक्त उलटा. खालून पंखा, वर जाळी, जाळीवर उसाचा भुसा आणि जुनं खत, आणि वरून थेंब थेंब पाणी. घाण हवा ओल्या भुशातून वर येते आणि भुशातले जीव तो वास खातात. चार दिवसांत तुम्ही ती पेटी ठोकून उभी केलीत. उन्हाळ्यात भुसा सुकला की वास सुटायचा, तेव्हा तुम्ही फाटकातूनच ओरडायचात, "पेटीले तीस लागनी वं!" मग कमल तहानलेल्या पेटीसाठी पाण्याची बादली घेऊन धावायची.

कमलची तुम्हाला ओळख सांगायला नको, पण हे कुणी दुसऱ्याने वाचलं तर म्हणून सांगते. अकरा बायकांत सगळ्यात जुनी ती, कचरा निवडायच्या टेबलाची मुकादम. तुमचं आणि तिचं गूळपीठ. तुमचा चहा तीच करायची, आल्याचा, आणि मला बिनआल्याचा द्यायची.

टाकीच्या उपासाची गोष्ट मी आजवर कितीजणांना सांगितली असेल. आम्ही नव्या उत्साहात होतो, जेवढं येईल तेवढं टाकीत ढकलायचो. गॅस जास्त म्हणजे आम्ही हुशार. एका सकाळी तुम्ही फेरी मारून आलात, तोंड वाकडं करून म्हणालात, खट्टा. मी विचारलं, मग काय करू?

"एक दिन उपास घाला इले. मानूसनं पोट बिघडनं ते आपन काय करतस? खावानं बंद करतस. इनं बी पोटच शे."

मी म्हटलं, टाकीला काय रोजे ठेवायला लावू? कमल टेबलावरून म्हणाली, "मंग सोमवार धरूत चाचा. मन्हा बी सोमवारच ऱ्हास." तुम्ही म्हणालात, "चाली. रमजानमा मी, सोमवारले टाकी." त्या दिवसापासून दर सोमवारी टाकीला काही घालायचं नाही, नुसतं ढवळायचं. सरांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले, अगदी बरोबर केलंत, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तुमचं नाव सांगितलं तेव्हा तुम्ही ऐकत उभे होतात, आणि मग मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणालात, "ताई, तुमनी जीभले बी हप्तामा एक दिन उपास घाला."

घालायला हवा होता चाचा.

मी आता थकले आहे. हे मी कुणाला सांगत नाही, कारण मी थकले म्हटलं की अकराजणी हातपाय गाळतील. पण तुम्हाला सांगते. सात वर्षं झाली, लोकांनी खाऊन टाकलेलं उचलते आहे. लग्नातली पंगत उठली की मी मनातल्या मनात ट्रॉल्या मोजायला लागते. वरण-बट्टीची ताटं अर्धी भरलेली तशीच येतात, त्यात कागदी ग्लास, त्यात हारांचे दोरे. लोकांना दिवा लागला पाहिजे आणि वास येता कामा नये. माझंही तसंच होतं म्हणा लग्न होऊन इथे आले तेव्हा. शेतकऱ्याच्या घरची सून, उकिरड्याकडे बघताना पदर नाकाला. आता सासूबाई माझ्याकडे बघताना लावतात.

आता ते सांगायचं आहे, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले.

मागच्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे आखाजीला घरोघर आमरस, आणि दुसऱ्या दिवशी घरोघरच्या साली आणि कोयी आमच्या दारात. आंब्याने टाकीचं पोट हमखास बिघडतं, म्हणून दरवर्षी त्या साली बाजूला ढीग करून ठेवायच्या आणि शेणात मिसळून थोड्या थोड्या घालायच्या अशी आमची पद्धत. त्या वर्षी तिसऱ्या दिवशी तो ढीग असा आंबला होता की बायकांनी तोंडाला फडकी बांधली होती. माझ्या सरावलेल्या नाकालासुद्धा कळत होतं. तुम्ही फेरी मारून आत आलात, त्या ढिगाच्या अगदी शेजारी उभे राहिलात आणि म्हणालात, "आज काहीच नही. शेणना बी नही."

टेबलावरचे सगळे हात थांबले. कमलने माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं आणि मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. करोनात तुम्ही पंधरा दिवस अंथरुणावर होतात, त्यानंतर तुम्ही चहात आलं आहे की नाही ते विचारायचं बंद केलं होतंत. एकदा कमल आलं विसरली तरी तुम्ही 'वा' म्हणालात. एकदा तुम्ही शुक्रवारी अत्तराची अख्खी बाटली अंगावर सांडल्यासारखे आलात आणि तुम्हाला त्याचं काहीच नव्हतं. माझ्या लक्षात आलं, तुमचं नाक गेलंय. वहीत लिहिलं: नाही.

त्या दिवशी कॉलनीतून दोघीतिघी भांडायला आल्या. मी वही पुढे केली. त्यातली एक काय म्हणाली माहीत आहे? "चाचा सांगस वास नही, मंग नहीच व्हई. आमनंच नाक वाकडं." आणि त्या परत गेल्या. लोकांचा स्वतःच्या नाकापेक्षा तुमच्यावर विश्वास होता आणि मी तो वापरला. मनात मात्र मी स्वतःला फार मोठी समजत होते. वाटत होतं, मी एका म्हाताऱ्या माणसाची लाज झाकते आहे.

त्यानंतर वर्षभर तुम्ही रोज यायचात, रोज सांगायचात, मी रोज लिहायची. तुमचं सांगणं बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मला वाटायचं, माशा बघून सांगत असतील, वारा बघून सांगत असतील, बायकांची तोंडं बघून अंदाज बांधत असतील. तुम्ही सांगितलेलं मी ऐकायची पण मानायची नाही. नळीतला कीस मीटर बघून बदलायची. तुमच्या हातात चहा देताना माझ्या आवाजात एक गोडवा यायला लागला होता, आजारी माणसाशी बोलताना येतो तसा. तो तुमच्या लक्षात आला असणार. तुमचं नाक गेलं होतं, कान नाही.

आणि मग या लग्नसराईतला तो दिवस. एका मुहूर्तावर दोन मंगल कार्यालयं, दोन्हीकडचं उरलेलं अन्न सकाळीच दारात, दोन ट्रॉल्या. गुलाबजामचा पाक गळतोय, ऊन चढतंय. ते बाहेर ठेवलं तर दुपारपर्यंत कॉलनी अंगावर येणार, टाकीत घातलं तर टाकी फुगणार. मी रात्रीची झोपलेली नव्हते, पाणी आलं नव्हतं, ग्राइंडर अडकला होता. तुम्ही आलात आणि म्हणालात, "ताई, खट्टा शे. आज काही टाकू नका."

मी म्हटलं, गॅसचा दाब चांगला आहे.

"दाब उद्या सांगी. वास आज सांगी ऱ्हायना. उपास घाला."

बुधवार होता चाचा. सोमवारचा उपास नुकता झाला होता. आंबटपणा तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या आणि नव्या मागवायच्या माझ्याकडून राहिल्या होत्या, तेही डोक्यात टोचत होतं. तुम्ही तिसऱ्यांदा म्हणालात आणि मी अकरा बायकांसमोर, दोन ट्रॉलीवाल्यांसमोर ओरडले, "तुम्हाला काय कळतंय आता वासाचं! नाक मेलंय तुमचं. वर्षभर सांभाळून घेतेय मी तुम्हाला!"

तुम्ही हातातला कप खाली ठेवलात. भरलेला होता. माझ्याकडे बघितलं नाहीत, कमलकडे बघितलंत, जणू तिचीच समजूत काढायची होती. आणि म्हणालात, "बरं ताई." एवढंच.

मी दोन्ही ट्रॉल्या टाकीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. तिसऱ्या दिवशी आलात, पण आत नाही. भिंतीला फेरी मारलीत आणि फाटकाबाहेर उभे राहिलात. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही वाट बघत होतात हे मला कळत होतं. फक्त 'या चाचा' म्हणायचं होतं. मी मनाशी म्हटलं, आधी ही गडबड निस्तरू दे, मग घरी जाऊन बोलू. खरं कारण तेही नव्हतं. खट्टा वास तोवर सगळ्यांनाच यायला लागला होता, आणि तुम्हाला आत बोलवायचं म्हणजे ते कबूल करायचं होतं. मला वाटलं तुमचा अंदाज लागला, आणि म्हाताऱ्याचा अंदाज लागला म्हणून मला माफी मागावी लागणार, याचाही राग आला. तुम्ही थोडा वेळ थांबलात आणि निघून गेलात. पुन्हा दिसलात ते तीन आठवड्यांनी, खांद्यांवर.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. चाची आतल्या खोलीत बसल्या होत्या. बायका उठून गेल्यावर मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, चाची, मी चाचांना फार वाईट बोलले, त्यांचं नाक गेलं होतं हे मला माहीत होतं, तरी तोंडावर बोलले. मला वाटलं त्यांना हे नवीन असेल. त्या म्हणाल्या,

"नाक तो उनकी करोना में ही गयी बेटी. दाल जल जाती थी सामने, पता नहीं चलता था."

मग त्या सांगत गेल्या. रोज पहाटेची नमाज झाली की तुम्ही त्यांना म्हणायचात, सकीना, जरा छत पे जा. त्या गच्चीवर जायच्या, आमच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, खाली येऊन सांगायच्या. गोबर का है. आज खट्टा है. आज अंडा है. आणि तुम्ही तेच शब्द घेऊन आठ वाजता फाटकात यायचात. चाचींना गुडघ्यांचा त्रास. त्या जिन्याला कठडासुद्धा नाही. पाऊस असो, थंडी असो, रोज.

मी विचारलं, मग आखाजीला? तेव्हा तर चाचा म्हणाले काहीच नाही.

"तब मैं अक्कलकुवा गयी थी, भाई के घर. शादी थी." त्या पदराने डोळे पुसत होत्या, तरी जरा हसल्या. "मैं वापस आयी तो बोले, आज मैं झूठ बोल के आया. औरतों के मुँह पे कपड़ा था, मैंने बोलने के बाद देखा. अब तू कहीं मत जा." त्यानंतर त्या वर्षभर माहेरी गेल्या नाहीत. भावाच्या घरी नात झाली, तिला बघायलाही नाहीत.

आणि त्या बुधवारी?

"दो बार गयी थी छत पे. खट्टा था. मैंने बोला, ताई से बोलना, आज कुछ मत डालो."

वर्षभर मी ज्याला तुमचा अंदाज समजत होते ते एका बाईचं दुखऱ्या गुडघ्यांचं काम होतं. वही खोटी नव्हती. त्यात एकच दिवस खोटा होता, तो मी ओळखला आणि त्यावरून बाकीचे सगळे खोटे ठरवले. सांभाळून मी तुम्हाला घेत नव्हतेच. तुम्ही दोघं मला घेत होतात.

पण चाचा, मला तुमचा रागही येतो. येऊ द्या. सांगायचं होतंत ना मला! एकदा कप हातात घेऊन म्हणायचं होतंत की ताई, माझं नाक गेलं, आता सकीना हुंगते. काय झालं असतं? हे मी चाचींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "बोलते थे, ताई को बताऊँ तो वो दूसरी नाक लायेगी. वो नाक पहले ही दिन ताला लगवायेगी." आणि थोड्या वेळाने, "और उनको वहाँ की चाय अच्छी लगती थी." चव नसलेला चहा, चाचा. मी खूप विचार केला. तुम्ही सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? नियमावर बोट ठेवलं असतं. तुमचे आभार मानून, शाल-नारळ देऊन तुम्हाला घरी बसवलं असतं आणि कॉलनीतलं दुसरं कुणी आणलं असतं. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत. म्हणून हे भांडण पुढे नेता येत नाही, आणि सोडवतही नाही.

तुमच्या दुकानात दुसऱ्या पेटीचा सांगाडा अर्धा ठोकलेला पडला आहे. टाकीतून बाहेर पडणाऱ्या रबडीच्या खड्ड्यावरही अशीच पेटी बसवू, असं तुम्ही दोन वर्षं म्हणत होतात आणि मी नंतर बघू म्हणत होते. परवा बघून आले. कडा अजून धारदार आहेत. कुणाकडून पुरी करून घ्यायची ते सुचत नाही. ज्याला विचारते तो म्हणतो, ताई, कूलर उलटा कसा असेल?

तुमच्यामागे इद्दत पाळायची म्हणून चाची आता चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायच्या नाहीत. पण गच्ची घरातच आहे. निघताना मी त्यांना विचारलं, चाची, मला सांगाल? त्यांनी पदर डोक्यावर पुढे ओढून घेतला. मला वाटलं, चुकलं माझं, ही काय वेळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला. "बहुत खट्टा है बेटी. अभी कुछ मत डालो." तेव्हापासून रोज वाजतो. टाकीला आता रोजच सोमवार आहे. आम्ही नुसतं शेणाचं पाणी आणि चुन्याची निवळी थोडी थोडी घालतो, ढवळतो, वाट बघतो. कॉलनीचे निम्मे दिवे बंद आहेत, लोक त्याबद्दलही बोलतात. आलेला कचरा आम्ही मागच्या शेतात चर खणून मातीआड करतो, शेताच्या मालकाने मोठ्या मनाने परवानगी दिली. अकराजणींच्या तळहाताला फोड आले आहेत. काल चाची म्हणाल्या, आज थोडा गोबर का भी आ रहा है. मुदत संपायला बारा दिवस आहेत. टिकू की नाही, मला माहीत नाही. कॉलनीच्या लोकांना मी आखाजीच्या दिवसापासून सगळं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. त्यापेक्षा दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि रोजच्या नोंदीपुढे मी आता नाव लिहिते, सकीनाबी. ते आधीच लिहिलेलं असायला हवं होतं.

काल दुपारी चर खणून झाल्यावर बायका सावलीला बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, मला एक सांगायचं आहे. त्या बुधवारी तुम्हा सगळ्यांसमोर मी चाचांना जे बोलले ते चूक होतं. ते खरं सांगत होते. मी त्यांना अपमान करून घालवलं, आणि टाकी माझ्यामुळे आंबली. कुणी मान वर करेना. मग कमलने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तुमच्यासारखंच तीही कधी रागावत नाही, म्हणून मला तिची जास्त भीती वाटते.

"आमले काय सांगी ऱ्हायन्यात ताई?" ती म्हणाली. "ज्यासले बोलनात, त्यासले सांगा."

मी म्हटलं, कमल, ते आता कुठे आहेत?

ती म्हणाली, "व्हतात ना. तीन हप्ता व्हतात. त्या दिन फाटकवर उभा व्हतात."

चाचा, त्या दिवशी टाकी खट्टी होती. तुमचं बरोबर होतं.